दाराबाहेरच्या चपला

—बसा हो बाबुरावकाका, पेनड्राइव्हमध्ये नवा प्रोग्राम उतरतोय, पाच मिनिटं. पाणी घ्या. बुधवाऱ्याच्या गर्दीतून आलात का — मग उशीर होणारच. काय म्हणालात, बिघाड काय होता? सोपं आहे. तुमच्या केळी पिकवायच्या चेंबरचा प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय ना, तिच्या पोटात एक यंत्र असतं — म्हणजे तेही प्रोग्रामच — ते मेमरी झाडत राहतं. जी माहिती कुणीच धरून ठेवलेली नाही, ती कचरा समजून फेकतं अन् जागा दुसऱ्याला देतं. ते झाडणं मीच दुरुस्त करतो, सहा वर्षं झाली, कुठकुठले लोक वापरतात — अन् इथं आपल्या लोधीपुऱ्यात विचाराल तर सांगतील, नीलेश मोबाइल रिपेअर करतो. असो.

यंदा मी ते जरा चपळ केलं. मतलब — जास्तच. कामात असलेलं पण झाडायला लागलं. माणूस कार्ड लावून चेंबरमध्ये गेला, नोंद झाली, अन् मध्येच झाडू फिरला — नोंद साफ. माणूस आत, अन् स्क्रीन म्हणते चेंबर रिकामं. रोज नाही होत हं, हजारात एकदा. पण दार लावून केळी पिकवायचा गॅस सोडला, की आतून ओरडलेलं ऐकणार कोण?

कधी कळलं? परवा — नाही, सच सांगू का काका, आठ दिवस झाले. तुमच्या मालकाला, राहुलशेठला, बोललो नाही. चूक माझी, नाव माझं गेलं असतं. म्हटलं, गुपचूप दुरुस्त करून टाकू. भीती वाटायची हो. म्हणून चेंबरमध्ये केळी लावणाऱ्या निंबाला तेवढं सांगून ठेवलं — जुनी रीत मोडू नको, आत जाताना चपला दाराबाहेर काढ. अन् मनीषाला म्हटलं, स्क्रीन काही का म्हणेना, चपला दिसल्या तर दार लावायचं नाही. चार वाजता गॅस सोडते ना ती?

हे घ्या, झालं. सांभाळून — काका, उंबऱ्यापाशी या चपला कुणाच्या? अंगठा तारेनं शिवलेला... या निंबाच्या. काय म्हणता, तुमची चप्पल तुटली, म्हणून चेंबरच्या दारातल्या घालून आलात? मग निंबा कुठाय?

मनीषाला फोन लावा. लावा ना. वाजतोय? उचलत नाही?

सव्वाचार झालेत. पेनड्राइव्ह राहू द्या, चपला राहू द्या — अनवाणीच निघा.