दादाचं पथ्य

हसू आलं तर हसा, पण मी रडलो तर माझ्याकडं बघू नका. परवा तळ्यावर थोरल्या दादाचा दहावा झाला. तो संग्रहणीनं गेला. डॉक्टरांनी मला समजावलं होतं, "अन्न पोटात दळलं जातं, आतड्यात त्याचा रस होतो आणि रक्तात जातो. याची आतडी रसच ओढत नाहीत." म्हणून शेवटी त्याला नुसतं ताकच मिळालं.

पिंड मांडला, पण कावळा शिवेना. दादा उपाशीच जाणार! मामा ओरडले, "तुज्या बायकोला आमी संभाळतो!" चुलते ओरडले, "तुज्या भावाला गिरणीत चिकटवतो!" कावळा फांदीवरून हलेना. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले, तसा मी किंचाळलो, "दादा, तुजी आतडी जळाली की रं! आता कसलं पथ्य? खा!"

कावळा झेपावला. आमचा पिंड संपवून तो शेजारच्यांच्या पिंडावर बसला. त्यांच्यातले एक काका माझ्या अंगावर धावले, "आवर की तुज्या भावाला! आमचा म्हातारा उपाशी ऱ्हाईल!"

मी हात जोडले. "खाऊ द्या की, काका. लई दिवसांनी पचाय लागलंय त्याला."