कंट्रोलचे उंदीर

— रंग व्हय? उंदरांचा रंग बदलला, हे पयल्यांदा मीच बघितलं, सायेब! बसा — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय, स्टुलावर बसा. पंकजामॅडमच्या पीएचडीची परीक्षा घ्यायला तुमी पुन्यावरनं आलात आन् थेट उंदरांच्या खोलीत शिरलात — बाकीचे नाक दाबून दारातनंच वळत्यात. मी रामहरी. कॉलेजातल्या उंदरांचं खानंपिनं, दुखनंखुपनं समदं माझ्याकडं. मॅडमची पीएचडी बी निम्मी माझीच म्हना की!

तर सराटा. पायात मोडतो तो, तुमी गोखरू म्हनता. मॅडमचं म्हननं, त्याचा अर्क दिला की किडनी एकाएकी निकामी हुत न्हाई. मग बघायचं कसं? उंदरांना किडनी बिघडवायचं औषध टोचायचं — निम्म्यांना वर सराटा पाजायचा, निम्म्यांना न्हाई. आन् ऐन टायमाला मॅडम बाळंतपनाला माहेरी, संगमनेरला! तिकडनं फोन — "रामहरीकाका, कंट्रोलचे सहा उंदीर वेगळ्या पिंजऱ्यात घाला, त्यांना सराटा न्हाई." आता कंट्रोल गावात एकच, वैजनाथचं रेशनदुकान. गेलो. घोडेगावच्या बाजारात बैलाचे बघतो तसे दात बघून सहा निवडले — चावले, पन निवडले. वैजनाथ म्हनला, "घेऊन जा लवकर, कालच इखाच्या गोळ्या टाकल्यात." म्हनलं, बरं झालं, आपल्याला तरी कुठं पाळायचेत! मॅडमच्या जागी टोचायला कॉलेजातले चेतनसर हुते, पन ते उंदराला भ्यात्यात, तोंड फिरवूनच टोचत्यात.

मॅडम आल्या तवर कंट्रोलचे समदे गेलेले, किडन्या पार खलास. सराट्याचे टुनटुनीत! मॅडम खुशीनं रडल्या हो. लई खपलीय बिचारी — आज पास झाली की नोकरी पक्की, न्हाईतर पोरगं घेऊन पुन्हा माहेरी. मग मला म्हनल्या, "काका, हे मेलेले पांढऱ्याचे काळे कसे पडले?" रेशनचा उंदीर काळाच असतो, पन ओल्या बाळंतिनीला कशाला टोकायचं? म्हनलं, औषधानं असंल. तर त्यावर आख्खा धडा लिहिला की त्यांनी! तोच वाचून आलात न्हवं तुमी?

आन् आपले पांढरे सहा उरले, ते घरी न्हेले. कलाबाई, आमची मंडळी, त्यांना भाकरी घालती. लई झालेत आता, देऊ का एक जोडी? — न्हाई? — पेन का बंद केलं, सायेब? लिहा की, मला घाई न्हाई.

हां, आल्याच बघा. या मॅडम, या — आन् एवढ्या घाबरताय कशाला? सायेबांना मी समदं समजावून सांगितलंय. आता ते तुमाला एक प्रश्न सुदिक विचारायचे न्हाईत.