शेवटच्या मॅचचं बोलावणं

नाही, चहा नको वर्षालीवहिनी, पाणी पुरे. धम्मा साडेतीनला येतो म्हणालात ना, मग मी बसतो तोवर, तुमचं चालू द्या, भाजी निवडताय ती निवडा — फोनच केला असता, पण माझा फोन तो उचलत नाही हल्ली. उचलत नाही म्हणजे ड्युटीवर असतो, ठाऊक आहे मला, मारुंजीच्या त्या सोसायटीत वॉचमनला फोन हातात धरू देत नाहीत — म्हणून म्हटलं, स्वतःच जावं. काम एकच आहे. रविवारी चार वाजता ताथवड्याच्या टर्फवर आपली शेवटची मॅच आहे, आणि धम्माने ढोल घेऊन यायला हवं. बस, एवढंच.

शेवटची म्हणजे या सीझनची नव्हे. शेवटचीच. कानावर नाही आलं तुमच्या? मालकांनी क्लब विकला — विकला म्हणजे लीगमधली आपली जागा विकली, परराज्यातल्या कुणा पार्टीला, चांगले खेळाडू तिकडे जाणार, बाकीच्यांना घरी बसा म्हणून सांगितलंय. एकोणचाळीस वर्षं, वहिनी. 'दिघी कामगार'. भोसरीच्या कारखान्यांतली पोरं शिफ्ट सुटली की मिलिटरीच्या भिंतीलगत फुटबॉल खेळायची, तेव्हा मी स्टोअर्समध्ये नवा क्लार्क होतो. पहिल्या जर्सी कुठल्या, तर कंपनीच्या युनिफॉर्मच्या राखाडी कापडाच्या, बाह्या तेवढ्या पिवळ्या. मला खेळता यायचं नाही. मी लाइनीवर उभा राहून ओरडायचो. तेवढं एक मला बरं जमायचं.

आणि धम्मा — तुमचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट आहे, त्याने सांगितली असेल, तरी ऐका. खडकीच्या टीमशी फायनल, हाफ टाइमला आपण दोन-शून्यने मागे, लोक उठून सायकली काढायला लागलेले, मीसुद्धा — खोटं कशाला बोलू — मीसुद्धा उठलो होतो. तर हा पठ्ठ्या ढोल घेऊन एकटा कॉर्नरला उभा राहिला आणि वाजवायला लागला. थांबलाच नाही. पंचेचाळीस मिनिटं. मला म्हणाला, दादा, तुम्ही बसा, तुम्ही बसलात की बाकीचे बसतील. बसलो. बाकीचेही बसले. तीन-दोनने जिंकलो, आणि लोकांनी खेळाडू सोडून याला खांद्यावर घेतलं, बोटं सोललेली होती त्याची. असा माणूस आहे तो. म्हणून तर म्हणतो, तो आला नाही तर रविवारी कोणी येणार नाही. सगळे हेच विचारतात मला — धम्मा येतोय का? मी म्हटलंय, येतोय. हो, सांगून बसलोय मी सगळ्यांना.

मिहिर सर क्लब विकत घ्यायला आले तेव्हा आम्ही हुरळलो, हे खरं. चाकणला गाड्यांच्या पार्टचा कारखाना, इकडे बिल्डिंगच्या स्कीमा, एवढा मोठा माणूस, आणि आला तो थेट मैदानावर, सतरंजीवर मांडी घालून बसला, आमच्यात वडापाव खाल्ला. मैदान तुमचंच राहील म्हणाला, पोरांसाठी अकादमी काढू म्हणाला. मालोजी — ते दिघीतले जुने, त्यांच्या घरचीच जमीन होती ती एके काळी — माझ्या कानाशी म्हणाले, "श्रीपादराव, ह्यो मानूस बसलाय सतरंजीवर, पन बघतोय जमिनीकडं." मी त्यांना गप्प केलं. टाळी पहिली मी वाजवली, वहिनी. क्लब त्यांना द्यायच्या कमिटीच्या कागदावर सहीसुद्धा पहिली माझी. मग काय झालं ते तुम्हीही बघितलंय. नाव बदललं — 'रॉयल' काहीतरी, माझ्या तोंडात अजून बसत नाही. जर्सी जांभळी झाली. मॅचेस ताथवड्याला गेल्या, आणि आपल्या कॉर्नरला, धम्मा उभा राहायचा ना, बरोबर तिथे फ्लॅटचं सेल्स ऑफिस उभं राहिलं. अकादमी कुठेय विचारलं की म्हणायचे, प्रोसेसमध्ये आहे.

मला? मला समर्थक प्रतिनिधी केलं. गळ्यात कार्ड, अंगात जॅकेट, बसायला काचेची खोली. सर पाठीवर हात ठेवून पाहुण्यांना सांगायचे, हे श्रीपादकाका, हे आमच्या क्लबचा आत्मा. तुम्हाला हसू येईल, पण चौतीस वर्षं नोकरी केली, माझ्या पाठीवर कोणी मोठ्या माणसाने हात ठेवला नव्हता. वाटायचं, आत बसलोय तर आपल्या माणसांसाठी शब्द टाकता येईल. बोलायचोही मी. आधी बोलायचो. त्या खोलीत एसी असतो, काच जाड असते, खाली धम्मा वाजवतोय हे नुसतं दिसायचं, हात वरखाली होताना. ऐकू काही यायचं नाही.

मग ती पाठ फिरवायची मॅच झाली, नोव्हेंबरात. किक-ऑफ झाला आणि खालची सगळी माणसं मैदानाकडे पाठ करून उभी. दहा मिनिटं. शिवी नाही, दगड नाही, ढोलही बंद. कल्पना धम्माचीच. सरांचे पाहुणे होते त्या दिवशी, सर माझ्याकडेच बघत होते. आणि पंधरा दिवसांनी धम्माचं चाकणचं काम गेलं — योगायोगच म्हणायचा, कंपनी त्यांचीच असली तरी ऑर्डरी खरंच कमी झाल्या होत्या त्या महिन्यात, कॉन्ट्रॅक्टवाल्यांना नेहमी आधी काढतात, नऊ वर्षं झाली काय आणि नऊ महिने काय. मुद्दाम केलं म्हणावं तर सातातल्या बाकी सहा जणांना नुसती मैदानात बंदी घातली, कुणाच्या पोटावर पाय नाही दिला. धम्माचं नाव तर चौथं होतं, त्याच्यापुढे नुसतं —

काय? सात कुठले म्हणजे? तेच, पाठ फिरवणारे. हो, बावीस होते. बावीस होते, बरोबर.

भाजी राहू द्या वहिनी, माझ्याकडे बघा. नाही, नका बघू, असंच ऐका. सरांनी ऑफिसात बोलावलं होतं. कॉफी मागवली. काका, म्हणाले, नाराज माणसं आपलीच असतात, मला त्यांच्याशी समोरासमोर बोलायचंय, पुढाकार कुणाकुणाचा होता तेवढं लिहून द्या. पॅड पुढे सरकवलं. म्हणाले, कोण कुठे कामाला आहे तेही लिहा, म्हणजे भेटीची वेळ सोयीची ठरवता येईल. मी लिहिलं. धम्माच्या पुढे लिहिलं — आपलीच कंपनी, चाकण. मला खरंच वाटलं, भेट होईल, याचं ऐकतील, मैदानाचं काहीतरी — नाही. नाही वाटलं. पेन हातात घेतलं तेव्हाच कळलं होतं. सातव्या नावाला सरांनी पाठीवर हात ठेवला आणि मी थांबलो नाही, आठवं कोण ते आठवायला लागलो होतो.

आता तेच कार्ड गेटवर चालत नाही माझं. क्लब विकल्याचं मला पेपरातून कळलं. फोन केला तर पोरगी इंग्रजीत सांगते, सर मीटिंगमध्ये आहेत. चांगलंच झालं म्हणा. पण रविवारी ती माणसं यायला हवीत, जुन्या जर्सी घालून, वाजवत — नाहीतर एकोणचाळीस वर्षांचा शेवट माझ्या त्या कागदावर होतो, कळतंय ना तुम्हाला? मी धम्माला आज सगळं सांगणार होतो. म्हणजे, आधी मॅचचं सांगून मग. तुम्ही मला शिव्या द्या, वहिनी. त्यालाही देऊ द्या, मी —

माहीत होतं?

कधीपासून? त्याच दिवशी? कागदच दाखवला त्याला एचआरने — माझ्या अक्षरातला?

थांबा. डिसेंबरात ना? मग फेब्रुवारीत मला अ‍ॅटॅक आला, माझा मुलगा सलिल बंगळुरूहून येईपर्यंत दोन दिवस आयसीयूच्या बाहेर बाकावर कोण झोपलं होतं? ऑपरेशनच्या फॉर्मवर सही धम्माची आहे, वहिनी. मी नंतर बघितली. नातं विचारलंय तिथे त्याने भाऊ लिहिलंय. तेव्हा त्याला माहीत होतं? माहीत असून त्याने — आणि मला एका शब्दाने —

ही त्याचीच गाडी ना, खाली? आला. साडेतीन वाजले. नाही, पाणी नको, बसत नाही, मॅचचं नका सांगू त्याला, काही सांगू नका. वहिनी, या गॅलरीच्या त्या टोकाला दुसरा जिना आहे का, खाली उतरायला?