सावलीचं माप

…म्हणून सांगतो, माझ्यासमोर आकाशाचं नाव काढू नका! दुसऱ्या दिवशी घर सोडायचं, सामानाचा ट्रक ठरलेला, आणि ही म्हणाली, "अहो, इतकी वर्षं चहा पिताना तो समोरचा डोंगर बघितला. नव्या घरासमोर नुसत्या पाण्याच्या टाक्या! एक फोटो काढून द्या की. ढगासकट हं!"

आता मागितलंन् काय? फोटो! माझ्याकडे फिल्मचा कॅमेरा, आत ब्लॅक अँड व्हाइट रोल, आणि रोलात उरलेली एकच फ्रेम. बाकीच्या कुठे गेल्या? जिन्याखालच्या बादलीवर! सराव नको? आमचे स्टुडिओवाले काका बजावतच असतात, "सावलीला जपा, उजेडाचं मी बघतो!" म्हणजे उजेड मोजायचा तो लाइट मीटर सावलीत धरायचा, तिथला आकडा घ्यायचा, त्यातून थोडा प्रकाश कमी करायचा, ढगबिग रोल धुताना ते सांभाळणार.

तर टळटळीत ऊन, डोंगरावर पांढराशुभ्र ढग, आणि अलीकडे खडकाखाली काळीभोर सावली. कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. ही दमून त्या सावलीतच टेकलेली. म्हटलं, बस तिथेच, हलू नकोस! खडकापाशी गेलो, मीटर अगदी कपारीला लावला. आकडा घेतला. पटेना. पुन्हा वाकलो, पुन्हा घेतला… ही ओरडतेय, "अहो, ढग चालला!" मी म्हणतोय, ढगाचं काका बघतील, सावलीला जपू दे!

दाबलं बटण एकदाचं. गेलो काकांकडे. रोल धुतला, निगेटिव्हवर आकाश हे काळंकुट्ट! म्हणजे कागदावर पांढरंफटक. काकांनी दोनतीनदा प्रिंट काढून बघितली, आकाशाला जास्त उजेड देऊन बघितला. ढग नाही तो नाहीच. डोंगराचं टोकसुद्धा गायब! मग चष्मा कपाळावर सारून म्हणतात कसे, "मीटर धरताना वाकला होता का?" म्हटलं, अहो, चांगला कमरेत वाकलो होतो! "मग बरोबर. आभाळाचा उजेड तुमच्या पोटानं अडवला. तुम्ही खडकाची सावली मोजलीच नाहीत, पोटाची मोजलीत! आहे त्याहून अंधार समजून फिल्मवर उजेड ओतलात."

पण सावली? वा! काय उतरलीय सावली! खडकाची भेग न् भेग, गवताची काडी न् काडी, आणि मधोमध ही. कपाळावर आठ्या, गच्च मिटलेले ओठ, डोळे थेट माझ्यावर. सगळं कसं स्वच्छ!

घरी भीत भीत दाखवला. ही एवढंच म्हणाली, "माझा डोंगर गेला." वाईट वाटलं हो मला, खरंच वाटलं. म्हटलं, टाकून देऊ. तर म्हणाली, "का म्हणून? मला कसं ताटकळत ठेवता, ते येणाऱ्याजाणाऱ्याला कळू दे की!"

आता नव्या घरात चहाच्या टेबलासमोर तोच फोटो आहे. सावलीला जपलं ना मी! एकदा खुर्ची उलटी फिरवून बसून बघितलं… उपयोग नाही. त्या बाजूला ही स्वतः बसते.