बोलणं लागेल तिला

ताई : परत रंधा घेऊन बसलास? ठेव तो खाली. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, विचारणारेस की नाही?

भाऊ : का-कान?

ताई : कान ठणठणीत आहेत तुझ्या लेकीचे. वर्षाची झाली तरी बा नाही की मा नाही, यात कानांचा दोष नाही. म्हणाल्या, घरात तिच्याशी बोलतं कोण? मी सांगितलं, हिची आई होती तोवर रोज पुस्तक दाखवायची, गाणी म्हणायची. ती जाऊन सात महिने झाले. आता बाप आहे नि भिंती आहेत.

भाऊ : मी क-करतो सगळं. आंघोळ, भ-भरवणं...

ताई : करतोस. पण लाकूड तासल्यासारखं, तोंड मिटून.

भाऊ : माझं बो-बोलणं लागेल तिला.

ताई : तोतरेपणा म्हणजे काय गोवर आहे, लागायला?

भाऊ : आ-आप्पा म्हणायचे. मा-मामाचं लागलं मला. म्हणून प-पट्टी. अडलेल्या श-शब्दाला एक.

ताई : माहितीये. मोजायला मलाच बसवायचे.

भाऊ : तू ह-हसायचीस.

ताई : हो. हसले नसते तर पुढची माझ्या हातावर बसली असती. आठ वर्षांची होते रे. ...तुझ्याकडे माफी मागायचं धाडस कधी झालं नाही. आज मागते.

भाऊ : रा-राहू दे.

ताई : राहू दे नको म्हणूस. उद्या मी जाणार. माझी पोरं शेजारणीकडे आहेत, आणखी किती दिवस ठेवू? माझ्यामागे ही पोर पुन्हा मुक्या घरात राहणार. हे धर, तिच्या आईचं पुस्तक.

भाऊ : कपाटातच ठे-ठेव. पानं उ-उलटली की तिची बो-बोटं दिसतात.

ताई : दिसू देत. घे लेकीला.

(तो मुलीला मांडीवर घेतो. पहिलं पान उघडतो.)

भाऊ : उं... उं-उंट चालला डु... डु...

ताई : पुढे.

भाऊ : ती ब-बघतेय. माझ्या तोंडाकडे.

ताई : बघणारच. सात महिने बंद होतं ते.

भाऊ : डु-डुलत डुलत. पा-पाठीवर डोंगर झु... झु...

ताई : बोट ठेवलं बघ तुझ्या ओठांवर.

भाऊ : अडलो की थां-थांबते गं ती.

ताई : पुढचं ऐकायचंय तिला.

भाऊ : कि-किती वेळ थांबेल?

ताई : तिला कुठं गाडी पकडायचीय?