टालाच्या चौकातला भोंगा

— नाही नाही, उठू नका काकाजी, बसा. मी काय तुमाले हाकलून राहिलो का? मी एवढंच म्हणतो, का तेच तेच विचारून काय भेटते? आवाज कोनाचा होता, आवाज कोनाचा होता — सांगितलं ना, सौरवचा. आमच्या कंट्रोल रूमचा ऑपरेटर, कंत्राटी पोट्टा. त्या दुपारी माईकवर तोच होता, त्यानंच भोंग्यावरून चोर-चोर केलं अन् लोकायनं तुमच्या पोराले, रोहितले, शिडीवरून ओढून जिवानिशी मारलं. सौरव आता जेलात बसला आहे. मंग अजून काय पाहिजे तुमाले? सावनेरहून एसटीनं एवढ्या उन्हात आले, पानी तरी प्या. घ्या ना जी, तुमालेच म्हणून राहिलो.

हे कागद? हे केसचे नाही. पुढच्या आठवड्यात बाहेरगावचे अधिकारी येऊन राहिले, त्यायच्यापुढं माह्यं भाषण आहे — स्मार्ट सिटी चालवता चालवता मी काय शिकलो. काय शिकलो? मार खाऊन शिकलो जी! सुरवातीले कॅमेऱ्याचे खांब लावले तं लोकायनं गोटे मारून काचा फोडल्या. केबल टाकाले रस्ता खोदला तं एका दुकानदारानं माह्या इंजिनियरच्या कानाखाली अशी ओढली का रक्त निघालं, अजूनही त्या कानानं त्याले ऐकू येत नाही. एकानं जेसीबी घालून खांबच उपटला — काहून, तं म्हणे पानठेल्याच्या आड येते! मी विचाराले गेलो तं माह्यावरच रॉड. हे पाहा, इथं, भुवईच्या वर, टाके दिसते का? असं शहर आहे हे. इथं गोड बोलून गवत उगवत नाही काकाजी. लातों के भूत.

घरोघरी चालान पाठवले, लोकं त्या चालानाच्या पुड्या करून चना-मुरमुरा खाते. कॅमेऱ्याले कोनी भीत नाही, आवाजाले भीते — हे मी शिकलो, अन् हेच भाषणात सांगनार आहे. भोंगे खांबावर होतेच, पुराबिराच्या सूचना द्याले. मी म्हटलं, याच्यावरून बोला ना बे! रेकॉर्डिंग नाही, जिवंत मानूस, अन् आपल्या बोलीत. "ओ लाल ओढनी, तो कचरा उचला वं बाई, तुमालेच म्हणून राहिलो!" — अख्खा चौक वळून पाहे, बाई लाजून पानी-पानी. अहो, पोट्टे तं मुद्दाम कॅमेऱ्यापुढं येऊन हात जोडे, का साहेब, आमालेही झाडा! माही गार्गी सांगे, बाबा, कॉलेजात पोरं तुमची नक्कल करते... हाव, सुरवातीले मीच बोलत होतो. नाही कुठं म्हणतो? पोरायले शिकवाले. मंग सोडलं. आता सगळेच माह्यासारखं बोलते. सौरवही. म्हणून आवाज सारखा वाटू शकते कोनाले — वाटू शकते, एवढंच म्हणतो मी.

टालाचा चौक तुमी पाह्यला असन. नाही, तुमी तं पाह्यलाच, माफ करा. लकडगंजच्या अंगाले, लाकूड कापाच्या आरामशिनी, दोन्हीकडून लाकडाच्या टाला. तिथच्या खांबाच्या पेटीतून बॅटऱ्या चोरी जाऊन राहिल्या होत्या. नवी लावली का गेली, नवी लावली का गेली! वरून मले फोन — आनंदराव, चोर तुमची स्मार्ट सिटी खिशात घालून नेऊन राहिले. पुरं ऑफिस हसे. माही सटकली होती. मी टालवाल्यायची मीटिंग घेतली, चहा पाजला, अन् सरळ सांगितलं — खांबावर कोनी दिसला ना, आमी भोंग्यावरून सांगतो, तुमी पहिले त्याचे हात मोडा, मंग पोलिसाले बलवा. तोंडानं म्हणतो मानूस असं. रागात म्हणतो. कोनी खरंच मोडते का?

अन् त्याच दिवशी सकाळी त्या चौकातला भोंगा खरखर कराले लागला. मीच ठेकेदाराले फोन केला, असा झाडला त्याले — आत्ताच्या आत्ता मानूस पाठव, नाहीतर तुह्यावाला ठेका गेला समज. त्यानं पाठवला. तुमचा रोहित पाठवला. आता तो ऐन दुपारी खांबावर चढन हे मले काय माहीत? आंगावर जॅकेट नाही, डोक्यावर टोपी नाही, कंपनीची गाडी नाही. साधा निळा शर्ट अन् भाड्याची शिडी! जॅकेट उद्घाटनाच्या दिवशी फोटोपुरते वाटले होते, फोटो झाल्यावर ठेकेदारानं जमा करून घेतले. आमाले माहीत होतं, सगळ्यायलेच माहीत होतं. पेटी उघडी, मानूस वर — काय समजन कोनी? तुमी असते तं तुमीही चोरच समजले असते!

मी? मी मीटिंगमध्ये होतो. सांगितलं ना तुमाले. मी नंतर पाह्यलं, चित्र. भोंगा एकदम साफ वाजला, खरखर नाही, काही नाही — नुकताच त्यानंच तं दुरुस्त केला होता. "ओ निळा शर्ट! तुमालेच म्हणून राहिलो!" तं त्यानं वळून कॅमेऱ्याकडं पाह्यलं अन् हसला. हसून अंगठा दाखवला! त्याले वाटलं, आपन टेस्टिंग करून राहिलो, आवाज बरोबर येते का पाहून राहिलो. अन् इकडं वाटलं का चोर तो चोर अन् वरून आपल्यालेच चिडवते! असं रक्त चढलं डोक्शात, का ह्या भैताडाले आज सोडाचंच नाही — सौरवच्या. सौरवच्या डोक्शात. तो बोलून गेला, चोर आहे, पकडा त्याले, हात मोडा त्याचे. उचलली जीभ अन् लावली टाळ्याले.

टालातून लोकं धावले. ज्याच्या हातात जे होतं ते — लाकडाचे बत्ते, फळ्या, एकाजवळ कुऱ्हाडीचा दांडा. शिडी खेचली. तो भोंग्याच्या तारेले लटकला अन् तार घेऊनच खाली आला, तोंडावर. पहिला बत्ता पाठीवर, दुसरा हातावर — हात असा उलटा झाला काकाजी, कोपरापासून उलटा, अन् तरी मारूनच राहिले. एकजन दमला का दुसरा बत्ता मांगे. आमच्या स्क्रीनवर आवाज येत नाही, नुसतं चित्र. त्याचं तोंड फुटलं होतं अन् ओठ हालून राहिले होते. मी जूम केलं. तो लोकायकडं नाही पाहून राहिला — वर, कॅमेऱ्याकडं. माह्याकडं. काय म्हणून राहिला होता, देव जाने! मी वरडलो, सोडा बे त्याले, सोडा, आपला मानूस आहे तो, मरन! ठेकेदाराचा फोन तेव्हाच आला ना, का साहेब, भोंगा वाजून राहिला का आता? मी माईकवर बुक्क्या हानल्या, हा हात पाहा, अजून सूज आहे — पन तार तं त्याच्याच मुठीत, तुटलेली. कंट्रोल रूमच्या भिंतीयनं ऐकलं माह्यं. चौकात कोनीच नाही ऐकलं.

...म्हणजे सौरव वरडला. तेच सांगून राहिलो.

असे काहून पाहून राहिले? मी काय खोटं बोलून राहिलो का? सौरव तरुण आहे, आज ना उद्या सुटन. माही पोरगी लग्नाची आहे. अन् मी गेलो तं हे शहर कोन चालवन, तुमी? एवढे खांब, एवढे कॅमेरे, हे माह्या रक्तानं उभे झाले! बोला ना, काहीतरी बोला! आल्यापासून तोच एक प्रश्न, बाकी सारं मीच बोलून राहिलो. पुरावा आहे का तुमच्याजवळ? जी क्लिप गावभर फिरली ती मारापासून सुरू होते. आमच्या कॅमेऱ्यात आवाज राहत नाही. कोर्टात काय दाखवान?

काय काढून राहिले? मोबाइल? ठेवा तो, मी पाह्यली ती क्लिप, मले नाही पाहाची पुन्हा — थांबा. शिडी उभीच आहे. हा... हा तं वर आहे अजून. कोनी काढली ही, टालवाल्यानं? हसून राहिला तो... अंगठा... अन् भोंग्याचा आवाजही आहे याच्यात...

बंद करा. बंद करा म्हटलं ना! आन इकडं तो मोबाइल — सोड, म्हाताऱ्या, सोड, हात मोडून ठेवीन तुह्याही — फुटला? फुटला तं फुटला! काय? कोनाले पाठवली? सौरवच्या मायले? म्हणजे हे अगोदरच... मंग इथं कायले आले होते तुमी? एवढा वेळ मले बोलू देऊन काय ऐकून राहिले होते?

निघा. निघा इथून, नाहीतर फरफटत बाहेर काढीन. अजून उभेच? ऐकू येत नाही का? ओ काकाजी, तुमालेच म्हणून राहि—