निलेशचे सात दगड

अगं, आमच्या निलेशची गंमत ऐक. बोटीने फिरायला गेलो, तेव्हा सासूबाईंना मालाडहून अक्षरशः ओढूनच नेलं. सासरे गेल्यापासून त्या धड बोलतही नव्हत्या ना! किनाऱ्यावर नवरोबा श्वास रोखून एकावर एक दगड रचत बसले. सातवा ठेवून फोटोसाठी मोबाईल काढला, तोच मागून बॉल आला आणि सगळं खलास!

निलेश ओरडला, "कोण आहे रे?"

मागे सासूबाई, पदर खोचून. "बघतोस काय? लगोरी फुटली! बॉल घे नि मार मला, मी रचते!"

गुडघे दुखणारी बाई चक्क वाळूत पळत सुटली! निलेश चिडायचंच विसरला. बॉल मारायचा, पण तो दरवेळी त्यांना न लागता बाजूने जायचा.

सासूबाई थांबल्या. "मुद्दाम चुकवतोस ना? तुझे बाबा पण अस्सेच खेळायचे."